वाटेवरच्या माणसाची भाकर

जयवंताबाईला मोजता येत नव्हतं, असं कोणी समजू नये. कापसाच्या वेचणीला बायांची ही लांबलचक ओळ असायची, त्यात कोणी किती वेचला हे ती नुसतं गाठोडं पाहून सांगायची, आणि काट्यावर तेवढंच भरायचं. पण चुलीपुढं बसली की बाईचं गणित पार बिघडायचं. घरात माणसं चार आणि टोपल्यात भाकरी पंधरा! पंचफुला सून होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं कपाळाला हात लावला होता.

"आत्याबाई, इतक्या भाकरी कोन खाईन?"

"येईन ना कोनी तरी," परातीतून मान वर न करता सासू म्हणाली होती.

आणि यायचं, हीच तर गंमत. आंध्रातल्या, सरहद्दीजवळच्या वांकिडीच्या सडकेवरून जाणारा मेंढरंवाला यायचा, भांडी विकणारी यायची, बस चुकलेलं एखादं म्हातारं जोडपं यायचं. काही नाही तर गल्लीतलं कुत्रं असायचंच. पंचफुला चिडायची, मग हसायची, मग तिनंही नाद सोडला.

याच्या मागं एक कारण होतं. एका साली पाणीच पडलं नाही. रामाजी, म्हणजे जयवंताबाईचा नवरा, कामाच्या शोधात पुढं निघून गेला होता आणि ही अंगावर पिणाऱ्या चंपतला कमरेवर घेऊन त्याच्या मागं आसिफाबादच्या सडकेनं पायी निघाली होती. छातीत दूध नव्हतं, पोटात अन्न नव्हतं. एका पळसाखाली भोवळ येऊन बसली ती उठेचना. तेवढ्यात कोण कुठली एक बाई वाटेनं आली. डोक्यावर मोळी, कमरेला फडकं. तिनं फडकं सोडलं, होती नव्हती ती भाकर हातावर ठेवली, "घे माय," म्हणाली आणि निघून गेली. नाव नाही, गाव नाही, तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही. तेव्हापासून जयवंताबाईच्या घरचा कायदा ठरला. तव्यावरची पहिली भाकर वाटेवरच्या माणसाची. आणि ज्याच्या तोंडून "माय" निघालं त्याला नाही म्हणायचं नाही. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, देवघर नव्हतं. धर्म विचाराल तर तिचा हा एवढाच होता.

तो चंपत पुढं शिकला, मास्तर झाला, सिमेंटचं दोन खोल्यांचं घर बांधलं. रामाजी ते पाहायला राहिला नाही. आणि त्या संक्रांतीच्या सुट्यांत चंपतच्या सात वर्षांच्या पोरीनं, विशाखानं, हट्ट धरला की डोंगर पाहायचा.

खरं सांगायचं तर हट्ट आजीचा होता, पोरगी नुसती बोलत होती. जयवंताबाईनं जन्मभर डोंगर पाहिला, पण लांबून. निंदताना कंबर सरळ करायला उभी राहिली की पलीकडं निळा निळा दिसायचा. तिथं वर काय असेल, पाणी असेल का, थंडी वाजत असेल का, असं तिला वाटायचं आणि मुकादम ओरडला की ती परत वाकायची. साठी उलटली तरी त्या डोंगरावर पाय पडला नव्हता.

"माय, नेतो तुले," चंपत म्हणाला. "मोतीरामची जीप सांगतो. दुपारी वर झऱ्यावर जेवू, रात्री नार्नूरले सुधाकररावाकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी वापस." सुधाकरराव म्हणजे त्याच्याबरोबर ट्रेनिंग केलेले मास्तर. म्हातारीला इतका आनंद झाला की ती उगाच पंचफुलावर खेकसली.

पण दिवस वाईट होते. जंगलात अण्णा लोक, म्हणजे नक्षलवादी, बंदुका घेऊन फिरत होते आणि त्यांच्या मागावर पोलीस. मधल्या माणसांचे हाल कुत्रं खात नव्हतं. रात्री ते येऊन भाकर मागायचे आणि सकाळी हे येऊन विचारायचे, भाकर कोणी दिली? 'दिली' म्हणालात तर मेलात आणि 'नाही' म्हणालात तरी धड नाही. धरून नेलेल्या माणसाचं नाव दोन-चार दिवसांनी पेपरात यायचं, चकमकीत ठार म्हणून. चकमक कोणाशी झाली, हे विचारायला कोणाला दोन जीव होते?

म्हणून आदल्या दिवशी चंपतनं आईला बजावून सांगितलं, "माय, आपण पाच जनं. मोतीराम धरून पाच. दुपारपुरत्याच भाकरी टाक. रस्त्यात गाडी तपासतात. जास्तीचं खानं दिसलं का त्यायले शंका येते."

"बरं."

"बरं नाई. मोजून टाक."

"मोजून टाकतो ना बाप्पा! मी काय बह्याड हाय?"

आणि पहाटे उठून तिनं चूल पेटवली. संक्रांतीची नवी ज्वारी, वरून तीळ लावलेल्या भाकरी. बारा झाल्या. इथं थांबायचं होतं. पण पीठ मळलेलं उरलं होतं, आणि घरातून बाहेर पडायचं, तेही एवढ्या लांब, डोंगरात, जिथं गरिबाला गरीब भेटणार, आणि वाटेवरच्या माणसासाठी हातात काहीच नाही? तिचा हातच थांबेना. आणखी वीस झाल्या. आता हे चंपतला दिसलं तर तो सकाळीसकाळी तोंड वाजवणार. म्हणून तिनं बारा भाकरींचं टोपलं पुढं ठेवलं, आणि वीस भाकरी दुसऱ्या टोपल्यात घालून, फडक्यानं बांधून, जीपच्या मागच्या सीटखाली पोत्याआड सरकवून दिल्या. पोराला कशाला त्रास, असं तिला वाटलं. मनात दुसरं काही नव्हतं हो. खरंच नव्हतं.

आसिफाबाद सोडलं तोवर सगळं छान चाललं होतं. थंडी होती, मोतीराम गाणं म्हणत होता, पंचफुलानं केसांत अबोली माळली होती. विशाखा आजीच्या मांडीवर उभी राहून ओरडत होती, "आजी, मोठा झाला! डोंगर मोठा झाला!" आणि खरंच तो निळा राहिला नव्हता. हिरवा होता, पिवळा होता, त्याच्यावर झाडं होती, एकेक वेगळं दिसत होतं. जयवंताबाईचे डोळे भरून आले. "रामाजी असता तं," एवढंच ती म्हणाली.

घाटाच्या अगदी पायथ्याशी नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला वाळूची पोती, एक पत्र्याची खोली आणि एक चिंचेचं झाड. बंदूकवाल्या पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं. फौजदार पोरसवदाच होता, चांगल्या घरचा वाटत होता. त्यानं चंपतला बाजूला नेऊन तेलुगूत विचारपूस केली. मास्तर म्हटल्यावर तो जरा मऊ झाला. खायला काय काय आहे, असं विचारल्यावर चंपतनं पुढचं टोपलं दाखवलं. बारा भाकरी, झुणका, तिळाचे लाडू. "याच्याशिवाय गाडीत काही नाही?" "काही नाही सर." चंपत पोरीच्या डोक्याची शपथ घेणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी त्यानं तीही घेतली.

आणि एका शिपायानं मागच्या सीटखालचं पोतं ओढलं.

चंपतनं आईकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. फौजदारानं फडकं सोडलं, भाकरी वरखाली केल्या आणि तो म्हातारीपुढं येऊन उभा राहिला.

"अम्मा, ये किसके वास्ते?"

बाजारात कापडवाल्याशी बोलायची तेवढी हिंदी तिला येत होती. घाबरलेलं माणूस एक तर गप्प बसतं, नाही तर खरं बोलतं. जयवंताबाईनं जन्मभर जे सांगितलं होतं तेच सांगितलं.

"रस्ते में कोनी मिलता ना, उसके वास्ते."

"जंगल में कौन मिलता?"

"कोनी बी. जिसको भूक लगी, वो."

झालं! फौजदार हसला. तो हसला आणि चंपतच्या कानाखाली अशी बसली की चष्मा रस्त्यावर जाऊन पडला. विशाखा किंचाळली. दोघा शिपायांनी चंपतला दंडाला धरून पत्र्याच्या खोलीत ढकललं आणि दाराला कडी लागली.

पंचफुला फौजदाराच्या पायावर पडली. मोतीराम हात जोडून तेलुगूत काय काय सांगत होता. जयवंताबाई पुन्हापुन्हा एकच म्हणत होती, "साहेब, हमारे खाने के हैं. हमीच खाते. हम लोक बहोत खाते साहेब."

"तुम्हीच खाता?" फौजदार बाजेवर बसला. त्यानं एका शिपायाला हाक मारून बोलावलं. तो सरहद्दीकडचाच होता, मराठी जाणणारा, मिशा पिकत आलेला. फौजदार तेलुगूत बोलला आणि त्यानं खाली मान घालून ते मराठीत सांगितलं, "साहेब म्हनून राह्यले, तुमचंच जेवन असंन तं इथंच बसून खा. सगळं. दिवस बुडायच्या आत संपलं तं मास्तरले घेऊन जा. नाई संपलं तं म्हंजे थे दुसऱ्या कोनाचं होतं. मंग मास्तर इथंच राहीन."

इथंच राहणं म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिलं टोपलं, झुणका आणि लाडू पोलिसांनीच संपवले. चांगलं झालंय म्हणाले. वीस भाकरी चिंचेखाली फडक्यावर मांडल्या, बाजूला पाण्याची बादली ठेवली. कोरड्याच खायच्या होत्या.

आणि तेव्हा जयवंताबाईला दिसलं की झाडाच्या पलीकडच्या अंगाला एक माणूस आहे. गोंड होता, चाळिशीचा असेल. हात मागं नेऊन बुंध्याला बांधलेले, अंगावर फाटकी बंडी, ओठ फुटून काळे पडलेले. किती दिवसांचा तिथं होता कोण जाणे. त्याचे डोळे भाकरीवर होते.

"खा," जयवंताबाई सुनेला म्हणाली. "पाहू नको कुठी. खा."

खायला बसले तेव्हा ऊन चढत होतं. पहिल्या दोन-दोन भाकरी सहज गेल्या, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिसरीला तोंड कोरडं पडलं. ज्वारीची भाकर आहे ती, पाण्यासोबत पोटात फुगते. मोतीरामनं पाच खाल्ल्या, सहावीला उठून कुंपणाशी गेला आणि भडाभडा ओकला. शिपाई हसले. तो परत आला, तोंड धुतलं आणि पुन्हा बसला. भाड्याचा ड्रायव्हर, त्याला काय पडलं होतं? पण बसला बिचारा. विशाखा आजीकडं पाहत एकेक घास चावत होती. अर्धी झाल्यावर तिला गिळवेना, तेव्हा तिच्या हातातली अर्धी आजीनं घेतली. पंचफुला रडतरडत खात होती, घास आणि हुंदका एकदमच यायचा आणि ठसका लागायचा. खोलीतून मधूनमधून आवाज यायचा. तो आवाज आला की तिघंही जोरजोरात चावायला लागायची.

जयवंताबाई मांडी घालून बसली होती. तोडायचं, चावायचं, पाणी, गिळायचं. पोटाला तडस लागली, लुगड्याची गाठ तिनं सैल केली. जिला अर्धं आयुष्य भाकर मिळाली नाही तिच्यावर ही पाळी आली होती. काय म्हणावं याला? तिला रामाजी आठवत होता, चंपतच्या पाठची, उपाशी मेलेली पोर आठवत होती, आणि समोरची भाकर संपत नव्हती.

दुपार कलली. शिपाई पेंगुळले. मराठी शिपाई तेवढा बंदूक मांडीवर घेऊन समोरच्या दगडावर बसून होता. तेव्हा झाडापलीकडून हलकेच आवाज आला.

"माय."

तिनं वर पाहिलं नाही.

"माय, चतकोर दे वं. दोन रोजचा उपाशी हावो."

गोंड लोक इकडं मराठी बोलतात, त्यात नवल नव्हतं. जयवंताबाईच्या हातात त्या वेळी चतकोरच होता. तो माणूस हातभर अंतरावर होता. हात तिथं नेला असता की झालं असतं. पण मग फौजदार म्हणाला असता, पाहा, जंगलातल्याला भाकर दिली. आणि चंपत खोलीत होता. तिनं तो चतकोर आपल्या तोंडात घातला. त्याच्या देखत चावला. तो माणूस पुन्हा काही बोलला नाही, आणि त्याच्या गप्प बसण्यानं तिला घास उतरेना, तरी तिनं तो पाण्याच्या घोटासोबत खाली लोटला.

ऊन पिवळं झालं तेव्हा फडक्यावर दोन भाकरी उरल्या होत्या. पंचफुला आडवी पडली होती, मोतीराम पुन्हा कुंपणाशी होता. जयवंताबाईनं एक खाल्ली. कशी खाल्ली ते तिचं तिला माहीत. दुसरी हातात घेतली आणि तिला कळलं की आता हिच्यातला एक तुकडाही आत जाणार नाही, गेला तर सगळंच बाहेर येईल. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि भाकर दुमडून लुगड्याच्या ओच्यात खोचली.

मान वर केली तर मराठी शिपाई तिच्याकडंच बघत होता.

पण शिपाई ओरडला नाही. तो उठला, रिकामं फडकं उचलून झटकलं आणि बाजेच्या दिशेनं हाक दिली, "साहेब, झालं. सगळं खाल्लं."

फौजदार झोपेतून उठून आला. रिकामं फडकं पाहून त्याला जरा मौज वाटली, आणि बहुतेक कंटाळाही आला होता. त्यानं हात हलवला. कडी निघाली. चंपत बाहेर आला तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि तो पाय फरफटत चालत होता, पण चालत होता. पंचफुलानं त्याला धरलं. मोतीरामनं जीपचं तोंड वांकिडीकडं फिरवलं. डोंगराकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्यांत मागं जयवंताबाई. जीपकडं जायची वाट चिंचेवरूनच होती. फौजदार चूळ भरायला पलीकडं गेला होता, बाकीचे शिपाई बांबूपाशी होते. मराठी शिपाई झाडाजवळच उभा होता. त्यानं जयवंताबाईकडं पाहिलं, तिच्या ओच्याकडं पाहिलं, बांधलेल्या माणसाकडं पाहिलं. आणि मग तो सावकाश तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

बांधलेल्या माणसानं डोकं वर केलं. "माय" म्हणाला नाही, नुसतं तोंड उघडलं.

जयवंताबाईचा हात ओच्यावर गेला. भाकर बोटांना लागली. एक पाऊल, वाकायचं, तोंडाशी धरायची. जन्मभर हेच तर केलं होतं. पण हा शिपाई खरंच सोडून देत असेल, की हाही एक डाव असेल? वाकले आणि मागून 'थांब' अशी हाक आली तर? जीपमध्ये चंपत बसला होता, जिवंत.

ती तशीच त्याच्यावरून पुढं गेली आणि जीपमध्ये चढली.

घाट मागं पडला, डोंगर परत निळा झाला. विशाखा आईच्या मांडीवर झोपली होती. खड्ड्यात जीप आदळली आणि जयवंताबाईच्या ओच्यातून भाकर निसटून चंपतच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली. उघड्या एका डोळ्यानं तो भाकरीकडं बघत राहिला.

"माय, हे कोनासाठी ठेवली वं?"

या प्रश्नाचं उत्तर जयवंताबाईपाशी तीस वर्षं तयार होतं. घरात, शेतात, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं दिलं असतं. तिनं त्याच्या हातातून भाकर घेतली.

"कोनासाठी नाई," ती म्हणाली. "माहीच हाय."

आणि तिनं तुकडा मोडून तोंडात घातला. "माय, नोको वं, मरशीन," म्हणून पंचफुलानं तिचा हात धरला, तो तिनं झटकून टाकला. पाणी नव्हतं. ती चावत होती, उमळ दाबत होती आणि पुन्हा मोडत होती. वांकिडी येईपर्यंत तिनं ती भाकर सगळी खाल्ली, लुगड्यावर सांडलेले तीळसुद्धा वेचून खाल्ले.